दत्ताची दोन विमानं शिल्लक होती

दत्ता गेल्याला परवा सहा आठवडे झाले. शेवटी तो माझ्या शेजारीच बसला होता, चाकणहून सांगवीला येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, तिसऱ्या रांगेत, खिडकीशी. मोबाइलवर विमानाचा खेळ खेळत होता.

हा खेळ आमच्या मैत्रीइतका जुना. दत्ता लातूरकडचा, मी साताऱ्याचा. ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा पिंपरीच्या व्हिडिओ पार्लरमध्ये एका नाण्यात तीन विमानं मिळायची; वरून उतरणाऱ्या शत्रूच्या रांगा पाडायच्या. नाणं एक, खेळणारे दोन, म्हणून नियम केला : आपलं विमान फुटलं की दुसऱ्याची पाळी, त्याआधी नाही. अलीकडे तोच खेळ मोबाइलवर नव्या रूपात आला. रंगीत, आणि जाहिरात पाहिली की एक विमान फुकट. दत्ताने ते कधीच घेतलं नाही. "जाहिरात बघून विमान? त्यापेक्षा हरलेलं बरं की राव!" आमचा नियम तोच राहिला. मी क्वालिटीत मापं घेणारा माणूस. फोन हातात आला की पडद्यावरचा आकडा खिशातल्या वहीत टिपायचो, म्हणजे वाद नको. माझ्या फोनवर मी एकट्याने केलेला विक्रम ४६,९१०. तो मोडणारच, असं दत्ता घरी रोज म्हणायचा.

त्या दिवशी पहिली शिफ्ट सुटली होती. मोशी मागे पडली आणि त्याने फोन माझ्याकडे दिला.

"धर. मार तू."

"अरे, दोन विमानं आहेत अजून तुझी."

"असू दे रे... डावा हात लई जड पडलाय."

इतक्या वर्षांत त्याने पाळी आधी सोडली नव्हती. मी वही काढली, १९,३४० लिहिलं आणि खेळू लागलो. त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. डाव असा जमला की पहिलं विमान फुटल्यावर पाळी त्याची, हेही विसरलो; मान वर झाली ती शेवटचं विमान फुटल्यावरच. अकरा मिनिटं, खेळ शेवटी प्रत्येक विमानाची वेळही दाखवतो. तेवढ्या वेळात रस्त्यावरचे दोन दवाखाने मागे गेले होते. दत्ताचं डोकं काचेला टेकलेलं. मला वाटलं, झोपला...

डॉक्टर एवढंच म्हणाले, "थोडं आधी आणायला पाहिजे होतं."

दिवस झाल्यावर त्याच्या घरी गेलो, तर मुलगी मयूरीने फोन पुढे धरला. "काका, बाबांनी शेवटी हरवलंच ना तुम्हाला?" दत्ताच्या नावापुढे ४८,२६०. सुनंदावहिनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. मी "हो" म्हणालो.

ते 'हो' मला महिनाभर पेलवलं नाही. गेल्या रविवारी वही घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. मयूरीने वजाबाकी केली : माझे २८,९२०. "अकरा मिनिटं," ती स्वतःशीच म्हणाली. मग वही मिटून परत दिली. वहिनी आत निघून गेल्या. चहाचं कुणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

बसमध्ये मी अजून तिसऱ्या रांगेतच बसतो. खेळ काढून टाकलाय. खिडकीशी बसलेल्याने काचेला डोकं टेकलं की मी त्याला हलवून उठवतो. पोरं वैतागतात, "काय राव काका, झोपू द्या की!" ती बोलेपर्यंत मी हात काढत नाही.