झिजलेल्या बुशाचं माप

मंडळी, आज मी जळगावच्या आमच्या कारखान्यातून निवृत्त झाले. जुन्या मोटारींचे सुटे भाग बनवण्याचा आमचा घरचा धंदा.

निरोपाच्या भाषणात पुतण्या म्हणाला, "अक्कांच्या हातून चुकीचं माप कधी गेलं नाही." आमचे जुने लेथ कारागीर सुपडूनाना समोरच बसले होते. त्यांनी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.

सत्त्याऐंशी साली धुळ्याच्या एका गिऱ्हाइकाने जुन्या गाडीचा पितळी बुश, म्हणजे शाफ्टवर बसणारी नळी, नमुना म्हणून दिला होता. मी त्याचंच माप घेतलं. नाना म्हणाले, "अक्का, नमुना झिजेल शे. माप शाफ्टचं घ्या."

"कॉलेजात मी शिकले की तुम्ही?" असं म्हणून मी त्यांना गप्प केलं.

झिजलेल्या नमुन्याच्या मापाने केलेला नवा बुश सैल निघाला. गिऱ्हाईक भांडायला आलं, तेव्हा मी सगळ्या कामगारांसमोर नानांनाच झापलं. ते मान खाली घालून उभे राहिले.

आज माईक माझ्या हातात होता. मी फक्त आभार मानले आणि बसले.

उद्या इथल्याच मेहरूण भागात नानांच्या घरी माफी मागायला जाणार आहे. पण झापलं होतं चारचौघांत. माफी घरात मागून चालेल?