दहाची वेळ
जीपच्या डिझेलचा वास आला की कर्जतचं आमचं कार्यालय आठवतं. वाड्यापाड्यांवरच्या कुटुंबांच्या फायली मी सांभाळायचे. एकदा कशेळ्यापलीकडच्या वाडीवरची एक आई ऐकू न येणाऱ्या लेकीला घेऊन दुपारी बाराला पोचली. वेळ दहाची दिली होती. "तिसऱ्यांदा उशीर. फाईल बंद करा," साहेब मला म्हणाले. म्हणजे मुलीला सरकारकडून मिळणारं श्रवणयंत्र गेलंच. आई शांतपणे म्हणाली, "जीप भरल्याबिगर सुटत नाय, साहेब. एकदा तुमीच या की दहाला आमच्या वाडीवर." मी फाईल उघडून लिहिलं: पुढची भेट वाडीवर, सकाळी दहा, साहेबांनी वेळेत हजर राहावे. "खोडा ते, मॅडम," साहेब म्हणाले. त्या नोंदीमुळे फाईल बंद झाली नाही, मुलीच्या कानाला यंत्र लागलं, आणि ती ओळ मी कधीच खोडली नाही.