साडूचे पान

माझ्या सासऱ्यांना दोन जावई. पाहुण्यांशी ओळख करून देताना ते म्हणत, "हे आमचे हिशेबनीस आणि हे आमचे कलावंत." 'हिशेबनीस' म्हणताना ते कपातल्या चहाकडे बघत आणि 'कलावंत' म्हणताना पाहुण्यांकडे.

हिशेबनीस मी. कलावंत म्हणजे माझे साडू, धाकट्या मेहुणीचे यजमान. खरे तर ते चष्म्याच्या दुकानात कारागीर होते. गिऱ्हाइकाच्या नंबरची काच घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची, हे काम त्यांनी चौतीस वर्षे केले. कला म्हणजे हातांच्या सावल्या. एक दिवा, एक पांढरा पडदा आणि दोघांच्या मध्ये त्यांचे दोन हात. त्या हातांतून घोडा निघे, हंस निघे, भांडणारे शेजारी निघत. शाळा, मंडळे, वाचनालये यांच्याकडून बोलावणी येत. एकदा रेडिओवाल्यांनीही बोलावले. सावल्या रेडिओवर कशा दाखवणार, असे मी विचारले, तर सासूबाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही कळायचं ते."

माणूस म्हणून त्यांच्यात खोट काढायला जागा नव्हती आणि माझी पंचाईत तिथेच होती. मोठे साडू म्हणून ते मला मान देत, माझ्या आधी ताटावर बसत नसत. तरी ते आले की घराचा रंग बदले. एकदा सासरी सगळे जमलो असताना संध्याकाळी वीज गेली. त्यांनी मेणबत्ती लावून भिंतीवर सावल्या सुरू केल्या. मी बॅटरी घेऊन मीटरपाशी गेलो, स्टुलावर चढून फ्यूजची तार बदलली आणि दिवे लावले. घरभर ओरड झाली, "बंद करा ते." त्यात माझी बायकोही होती. मी फ्यूज पुन्हा काढला आणि स्टुलावरच बसून राहिलो.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यांचा मोठा कार्यक्रम झाला, शाळेच्या सभागृहात, तिकीट लावून. मी वही घेऊन गेलो होतो. का, ते तेव्हा मी स्वतःलाही नीट सांगितले नाही. सतरा सावल्या झाल्या. प्रत्येक कितव्या मिनिटाला सुरू झाली, किती चालली, दिवा कुठे सरकवला, कोणते बोट कुठे होते, सगळे मी टिपले. बारावी सावली एका म्हाताऱ्याची होती. तो चष्मा शोधत असतो, आणि तो त्याच्या कपाळावरच असतो. लोक आधी हसले. मग म्हातारा थकून खाली बसला आणि सभागृह गप्प झाले. माझी बायको रडत होती. आमच्या लग्नाला तेव्हा सात वर्षे झाली होती आणि माझ्या कुठल्याही कृतीने ती अशी रडली नव्हती, हसलीही नव्हती.

घरी येताना मी म्हणालो, "म्हातारा जरा लांबला."

"तुम्ही घड्याळ बघत होतात," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात मी एका साप्ताहिकाला परीक्षण पाठवले. खाली सही 'एक प्रेक्षक'. त्यात सतराही सावल्यांचे वर्णन वेळेसह होते आणि जवळजवळ प्रत्येकीत दोष होता. एकूण प्रकाराला मी 'पोरकट' म्हटले होते. ते छापून आले. आमच्या घरात ते साप्ताहिक कोणी घेत नसे, त्यामुळे गोष्ट तिथेच संपली.

आता माझ्या निवृत्तीला सात महिने उरले आहेत. गेली सहा वर्षे मी इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशात काम करतो. बिनपगारी, आवडीने. तारखा तपासणे, संदर्भ लावणे आणि ज्या माणसांवरची पाने ठेवण्याजोगी नाहीत ती वगळायला सुचवणे. तिथे माझे नाव 'ताळेबंद' आहे. ताळेबंद कोणाची भीड ठेवत नाही, असे तिथले लोक म्हणतात आणि मला ते ऐकायला आवडते.

गेल्या वर्षी नव्या पानांच्या यादीत मला साडूंचे पान दिसले. माझ्या भाचीने, म्हणजे त्यांच्या मुलीने, ते तयार केले होते. पान नीटनेटके होते. जन्म, शिक्षण, कला, गौरव. मी ते दोनदा वाचले. मग खाली संदर्भ पाहिले. शाळांची आभारपत्रे, मंडळांची प्रशस्तिपत्रे, तिच्या आईच्या आठवणी. स्वतंत्र म्हणता येईल असा एकच, एका दैनिकातला लेख. आमच्याकडे नियम असा की, ज्यांचा त्या माणसाशी संबंध नाही अशा निदान दोघांनी त्याच्यावर सविस्तर लिहिलेले हवे. मी चर्चेला पान टाकले आणि लिहिले: "उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. वगळावे." नियमाने पाहिले तर माझे काही चुकले नव्हते. लिहून झाल्यावर मला भूक लागली आणि मी नेहमीपेक्षा एक पोळी जास्त खाल्ली.

अशी चर्चा सात दिवस चालते. दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला.

"काका, तुम्ही कॉम्प्युटरवर बसता ना रोज? तो ताळेबंद कोण आहे हो?"

"का, काय झालं?"

"बाबांचं पान उडवायला निघालाय मेला. याचं काय घोडं मारलंय बाबांनी?"

"नियम असतात गं."

"नियमाचं नका सांगू. असल्या माणसाच्या घरी कोणी बोलत नसेल त्याच्याशी."

मी बघतो म्हणालो.

पहिले तीन दिवस सगळे माझ्यासारखेच बोलत होते. चौथ्या दिवशी, शनिवारी, चर्चेत ग्रंथपालबाई आल्या. दुसऱ्या शहरातल्या एका जुन्या वाचनालयात त्या काम करतात आणि ज्ञानकोशात शेवटचा निर्णय त्यांचा असतो. त्यांनी साप्ताहिकाच्या बांधीव अंकांतून दोन पाने शोधून त्यांचे फोटो लावले होते. खाली लिहिले होते: "या परीक्षकाला कलावंत मुळीच आवडलेले नाहीत. तरीही त्याने सतरा सावल्यांचे वर्णन मिनिटांसह दिले आहे. यापेक्षा स्वतंत्र साक्षीदार मिळणे कठीण. ठेवावे."

पाठोपाठ चौघांनी 'ठेवावे' लिहिले.

माझ्या हातात उपाय होता. एक ओळ लिहायची: हे परीक्षण मी लिहिले आहे आणि मी कलावंतांचा साडू आहे. की परीक्षण बाद, पान बाद. खरे बोलून मला हवे तेच झाले असते. अशी संधी माणसाला क्वचित मिळते.

मी विचार करत बसलो असताना बायको मोबाइल घेऊन आत आली. धाकटीने तिला ते फोटो पाठवले होते.

"'सदर म्हातारा सहा मिनिटे चाळीस सेकंद पडद्यावर होता,'" तिने वाचले. "सदर म्हातारा. असं कोण लिहितं?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"तुम्ही आपल्या मुलीच्या वाढदिवसाच्या पत्रातसुद्धा 'सदर केक' लिहिलं होतं." ती समोरच्या खुर्चीत बसली. "आणि तो ताळेबंद?"

मी पुसलेला चष्मा पुन्हा पुसू लागलो. तिने मोबाइल बंद केला. मग उठली. "उद्या जाऊन सांगा त्यांना. मी सांगण्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं."

रविवारी सकाळी मी गेलो. साडू खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. समोर परीक्षणाची मोठ्या अक्षरांत छापून घेतलेली प्रत आणि वर भिंग. मला बघून ते इतके खूष झाले की मला दारातूनच परत फिरावेसे वाटले.

"या, साडूभाऊ. हे वाचलंत? बसा आधी. काय माणूस आहे हो हा. शिव्या घातल्यात, पण बघितलंय काय. हे पाहा, पाचवी सावली, डाव्या हाताची करंगळी दुमडलेली, दोन मिनिटं दहा सेकंद. यातल्या चार सावल्या मी साफ विसरून गेलो होतो. कुठे लिहिलेल्याच नव्हत्या." त्यांनी बोटे वर धरली. सांधे सुजलेले होते. "कालपासून जमवतोय. दोन जमल्या. म्हातारा जमत नाही अजून."

"ते मी लिहिलंय," मी म्हणालो.

त्यांना वाटले मी थट्टा करतोय. ते हसले आणि मग हसायचे थांबले.

"'पोरकट' हा शब्द तुमचा?"

"माझाच."

"आणि पान उडवायला...?"

"तोही मीच."

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिले. "हळू बोला, ही ऐकेल," ते म्हणाले. मेहुणी स्वयंपाकघरात होती. "आता काय करणार?"

"नियमाप्रमाणे सांगायला हवं. सांगितलं की परीक्षण धरणार नाहीत. पान जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"राहील."

त्यांनी भिंग उचलून पुन्हा होते तिथेच ठेवले. "नका सांगू, साडूभाऊ. पोरीने तीन महिने खपून केलंय, तिच्यासाठी तरी, असं म्हणणार होतो. पण ते खोटं. मलाच हवंय. दुकानातल्या माझ्या काचा लोकांनी घातल्या नि फेकल्या. सावलीचं तर काय, दिवा घालवला की संपलं. कुठेतरी असावं, एवढंच."

एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काहीही मागितले नव्हते. सांगायला लाज वाटते, पण त्यांचा पडलेला चेहरा बघून मला आधी बरे वाटले. चांगला मिनिटभर बरे वाटत होते. मी "बघतो" म्हणून उठलो. चहा घेतला नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी चर्चेत लिहिले: "वैयक्तिक कारणाने माझा प्रस्ताव मागे घेत आहे." तेवढ्यावर भागेल असे मला वाटले होते. तासाभरात ग्रंथपालबाईंचा प्रश्न आला: "ताळेबंद, तुम्ही कधी वैयक्तिक कारण देत नाही. परीक्षणाच्या स्वतंत्रपणाबद्दल तुम्हाला काही माहिती आहे का?"

सदतीस वर्षांच्या नोकरीत मी खोट्या शेऱ्यावर सही केलेली नाही. त्यापायी दोन साहेबांची नाराजी घेतली आणि एक बढती घालवली. मी पाच वाजेपर्यंत तो प्रश्न तसाच ठेवला. टेबल आवरले, फायली कपाटात लावल्या, किल्ली शिपायाकडे दिली आणि उभ्या उभ्या लिहिले, "नाही."

मंगळवारी निकाल लागला. पान ठेवले. ग्रंथपालबाईंनी कारणात 'एक प्रेक्षक' यांचे आभार मानले होते.

संध्याकाळी साडूंचा फोन आला. "कळलं," ते म्हणाले. मी "हो" म्हटले. नंतर त्यांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली. त्यांना म्हातारा आता जमतो आणि बायको अधूनमधून रविवारी तो बघायला त्यांच्याकडे जाते. मला चला म्हणते. मी जात नाही. ती परत येते तेव्हा तिचा चेहरा तसाच असतो, सभागृहातून बाहेर पडताना होता तसा, आणि माझ्या पोटात दुखायचे ते दुखतेच.

पुढच्या आठवड्यात वगळण्याच्या यादीत एका जादूगाराचे पान आले. त्याच्याही नावावर एकच लेख. नेहमीप्रमाणे कोणीतरी लिहिले, "ताळेबंद यांचे मत यावे." मी पान उघडले. लेख वाचला, संदर्भ तपासले. उत्तराच्या चौकटीत 'व' टाइप केला, खोडला आणि पान बंद केले. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी 'वगळावे' लिहिले. ते बरोबरच होते.