सतरा नंबरचा दगड

ट्रेसरबाई बोलायला गोड होत्या, आणि साहेबांशी तर फारच गोड. एकोणीस वर्षं रोज सकाळी त्यांनी साहेबांना हसून नमस्कार केला आणि रोज मनात म्हटलं, तुमचं वाटोळं मला या डोळ्यांनी बघायचंय. इतक्या नेमाने एखाद्यावर दात धरणारं माणूस शोधून सापडायचं नाही.

नोकरी मोजणीच्या कचेरीत. मोजणीदारांनी रानावनातून आणलेली कच्ची रेखाटनं ट्रेसिंगच्या कापडावर शाईने उतरवायची, हे बाईंचं काम. प्रत्येक दगडाची जागा आधी सुईने टोचायची, मग त्या टोचणीवर शाईचा ठिपका द्यायचा. हात चुकला तर शाई ब्लेडने खरवडायची. बाईंचा हात सहसा चुकत नसे.

नवरा त्याच कचेरीत मोजणीदार. सरहद्दीवरचा सतरा नंबरचा दगड त्याने आणि शेजारच्या देशाच्या मोजणीदाराने मिळून बसवला होता. दोघे महिनाभर एका तंबूत राहिले, एका पातेल्यातलं जेवले आणि दगड बसवून आपापल्या घरी गेले. त्याचा नकाशा बाईंनीच उतरवला.

दोन वर्षांनी साहेबांना वरच्यांच्या नजरेत भरायची हुक्की आली. नवरा लांबच्या मोजणीवर गेलेला पाहून त्यांनी एका सुट्टीच्या दिवशी मजुरांकरवी तो दगड उपटून दोनशे मीटर पुढे रोवून घेतला. मधला पाण्याचा झरा आयता आपल्या देशात आला, आणि मूळ रेघेने पलीकडे जाणारी पण अजून ताब्यात न दिलेली थोडी वस्तीही इकडेच राहिली. मग नकाशा घेऊन बाईंच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, जुनी चूक आहे, दुरुस्त करून टाका. बाईंनी ठिपका खरवडला आणि नवीन जागी नवा दिला. साहेब सांगतात म्हटल्यावर विचारायचं काय?

पलीकडच्यांनी अर्थातच बोंब ठोकली. गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं गेली. चौकशी बसली तेव्हा नवऱ्याने सरळ सांगितलं, "हा दगड मी बसवलेल्या जागी नाही." एवढं एक वाक्य. साहेबांनी त्याला फितूर ठरवलं, त्याची नोकरी गेली, आणि ज्या गल्लीत तो वाढला तिथले लोक त्याला बघून दार लावून घ्यायला लागले. चार वर्षं तो खिडकीशी बसून राहिला आणि तिथेच गेला. मातीला आलेले साहेब बाईंना म्हणाले, "तुमचा यात काय दोष? नोकरीवर या खुशाल." बाईंनी हात जोडले. मनातली गाठ त्या दिवशी आणखी करकचून बसली.

तक्रार करायची तर कुणाकडे? साहेबांची तक्रार शेवटी साहेबांच्याच टेबलावर यायची. शिवाय ब्लेड चालवलं होतं बाईंनी स्वतः, आणि ते त्यांना साहेबांपेक्षाही जास्त टोचत होतं. पण एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. शाई खरवडली तरी सुईची टोचणी कापडात राहते. डिंकाचा एक थेंब लावला असता तर ती बुजली असती. बाईंनी तो लावला नाही. उलट त्यांनी नकाशांच्या कपाटाची किल्ली मागून घेतली आणि एकोणीस वर्षं त्या नकाशाला कसर लागू दिली नाही. बढतीवर दुसरीकडे पाठवत होते, गेल्या नाहीत. लोक म्हणाले, बाई कामाला फार चिकटून. चिकटून होत्याच.

अखेर दोन्ही देश भांडून थकले आणि एका लांबच्या तिसऱ्या देशाच्या निवृत्त न्यायाधीशांना त्यांनी मध्यस्थ म्हणून बोलावलं. मध्यस्थांची अट अशी की मूळ नकाशे टेबलावर हवेत, आणि ते ज्यांनी काढले ती माणसं समोर. आपल्या बाजूचे प्रमुख साहेबच. एव्हाना ते खात्याचे सर्वेसर्वा झाले होते. त्यांनी बाईंना बोलावून पढवलं: मध्यस्थ विचारतील, नकाशा तुम्ही काढलेलाच आहे ना, आणि तुम्ही म्हणायचं, हो.

आदल्या दिवशी बाईंनी पट्टी घेऊन नकाशावर एक अंतर मोजलं. दगड मूळ जागी गेला तर त्यांचं स्वतःचं घर एकतीस मीटरने पलीकडच्या देशात जात होतं. नवऱ्याने बांधलेलं घर. लेक आणि जावई तिथेच राहत होते. लेकीने ऐकलं आणि तिचा तोल गेला. बाबा तर गेलेच, म्हणाली, आता त्यांच्यापायी आमचंही छप्पर काढणार का? बाई म्हणाल्या, काढणार. लेक नंतर त्यांच्याशी बोलली नाही.

बैठकीत मध्यस्थांनी दुभाष्यामार्फत ठरलेला प्रश्न विचारला. बाई उठल्या आणि नकाशा उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडासमोर धरला. शाईच्या ठिपक्यापासून चार बोटं अलीकडे, जिथे काहीच काढलेलं नव्हतं तिथे, उजेडाचं एक बारीक टिंब चमकलं.

"दगड इथे होता," बाई म्हणाल्या. "साहेबांच्या सांगण्यावरून मी खरवडला."

साहेब हसले. कापड जुनं आहे, म्हणाले, कसरीने खाल्लं असेल. बाई याचीच वाट बघत होत्या. त्यांनी मध्यस्थांना समजावून सांगितलं की मोजणीदार दगड बसवतात तेव्हा त्याखाली हातभर खोल घमेलंभर कोळसा आणि फुटकी चिनीमाती पुरतात. दोन्ही कुजत नाहीत, त्यांना वाळवी लागत नाही. जन्मात कधी फावडं न धरलेल्या माणसाला हे माहीत असायचं कारण नाही. तो दगड तेवढा हलवतो. या भोकाच्या जागी खणून बघा.

चहाच्या सुट्टीत साहेबांनी त्यांना कोपऱ्यात गाठलं. घाम फुटला होता, तरी आवाज अजून हुकमाचाच.

"बाई, तुमचं घर त्याच पट्ट्यात आहे. काय करताय कळतंय ना?"

"एकतीस मीटर आत," बाई म्हणाल्या. "मोजूनच आलेय."

तिसऱ्या दिवशी सगळा लवाजमा त्या माळावर गेला. पलीकडचा जुना मोजणीदारही काठी टेकत आला होता. मजुरांनी मूळ जागी खणलं. हातभर खाली काळं लागलं, आणि त्या काळ्यात निळ्या काठाच्या कपाचे तुकडे. बाईंनी पिशवीतून एक कप काढून खड्ड्याच्या कडेला ठेवला. तोच निळा काठ. त्यांच्या घरचा सहा कपांचा सेट कित्येक वर्षं पाचच कपांचा होता, आणि सहावा कुठे हरवला यावरून त्यांनी नवऱ्याला चिकार बोल लावले होते; तो दगडाखाली गेल्याचं त्याने खिडकीशी बसल्यावर सांगितलं.

"वहिनी, एक कप त्याचा आणि एक माझा," तो म्हातारा म्हणाला. "त्यात शेवटचा चहा प्यायलो आणि आम्हीच फोडले."

बाईंनी ऐकलं. पण त्यांची नजर साहेबांच्या चेहऱ्यावरून ढळली नाही. तो चेहरा पांढराफटक पडताना बघून त्यांना आनंद झाला, अगदी पोटभर झाला, आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही.

मध्यस्थांनी निवाडा दिला: दगड मूळ जागी बसवायचा, पट्ट्यातल्या लोकांनी सहा महिन्यांत कुठलं नागरिकत्व ते ठरवायचं. लेकीने दुसऱ्याच दिवशी सामान बांधलं. गल्लीतल्या ज्यांनी नवऱ्याला फितूर म्हटलं होतं, त्यांच्या घरांवरूनही आता रेघ जाणार होती. तोच शब्द त्यांनी बाईंच्या दारावर लिहिला. बाईंनी तो पुसला नाही. ज्यांनी नवऱ्याच्या तोंडावर दारं लावली, त्यांची दारंही जात होती. त्यांचंही देणं बाईंनी विसरलेलं नव्हतं.

कराराचा नकाशा कुणी काढायचा, हा प्रश्नच नव्हता. बाईंनी स्वतःचं घर पलीकडे टाकत रेघ ओढली. समासात बारीक, सुबक अक्षरांत त्यांनी सतरा नंबरची टीप लिहिली: बसवणार म्हणून नवऱ्याचं नाव, त्याखाली हलवणार म्हणून साहेबांचं नाव. त्याखाली खरवडणार म्हणून स्वतःचं. मध्यस्थांनी वाचलं आणि राहू द्या म्हणाले. हा कागद दोन्ही देशांच्या दफ्तरात कायमचा राहणार होता.

प्रमुख म्हणून सही साहेबांचीच लागत होती. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. मग हळूच म्हणाले, "बाई, आता तरी पुरे करा. माझी नातवंडं वाचतील हे."

बाईंनी नकाशा त्यांच्यापुढे सरळ केला आणि सहीची जागा बोटाने दाखवली.

"जरा दाबून करा, साहेब," त्या नेहमीसारख्या गोड आवाजात म्हणाल्या. "पुढे कुणी शाई खरवडली तरी खाली उमटलेलं राहिलं पाहिजे."