दोन तादेओ

युल्लियानाताई मेलेल्या माणसांशी बोलायची. मंडळात नवीन आलेलं माणूस पहिल्यांदा दचकायचंच. "आजोबा, हात जरा सैल सोडा बघू. हां, शहाणे आहात." "वहिनी, पाणी गार लागलं का? झालंच हं." आणि गंमत म्हणजे तो ताठरलेला हात खरंच सैल व्हायचा. आमची गाडी चालवणारे फाबियानोदादा म्हणायचे, "या म्हाताऱ्यानं जन्मभर बायकोचं ऐकलं नाही, पण हिचं कसं ऐकतोय बघा."

आमचं मंडळ म्हणजे चर्चचं अंत्यसेवा मंडळ. नॅपो नावाच्या या भातशेतीच्या मुलखात कुणी गेलं की आम्ही जायचं. देह पुसायचा, तागाचे कपडे चढवायचे, बोटांत जपमाळ गुंडाळायची. मग दोन बाजूंना बसून मृतासाठीची प्रार्थना गायची. एका बाजूनं ओळ टाकायची, दुसरीनं ती झेलायची. पहिली ओळ नेहमी ताईची. बाजारात तिचा तिळाचं तेल काढायचा घाणा होता, त्यामुळे तिच्या हातांना भाजलेल्या तिळांचा वास यायचा. कितीतरी लोक हे जग सोडून तो वास अंगावर घेऊन गेले.

तिनं कधी कुठल्या घराला नाही म्हटलं नाही. दारू पिऊन खड्ड्यात पडलेला असो, गळफास घेतलेला असो. मी एकदा कुरकुरले, तर म्हणाली, "मेलेली माणसं काय तांदूळ आहेत लुचिया, निवडून घ्यायला?"

पण तिचं स्वतःचं एक मढं होतं, ते ती कुणालाच पुसू द्यायची नाही. तिचा धाकटा भाऊ ताइ-शिक. बाप्तिस्म्याचं नाव तादेओ. दुष्काळाच्या एका वर्षी कालव्याच्या पंपघरावर तो कामाला होता. जोडीला मा जोंग-सू नावाचा परगावचा गडी. पाणी कुणाच्या शेताला आधी सोडायचं यावरून दोघांची जुंपली, दारू प्यायलेली होतीच. मा जोंग-सूनं फावडं घातलं आणि ताइ-शिकला कालव्यात लोटून दिलं. डॉक्टर म्हणाले, पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता.

इथवर एक वेळ माणूस म्हणेल, रागाच्या भरात झालं. पण पुढचं ऐका. घरचे ताइ-शिकला शोधत होते तेव्हा हा मा त्यांच्याबरोबर कालव्याकाठी हाका मारत फिरत होता. दोन दिवस. ताईच्या आईनं त्याला समोर बसवून गरम शेवयांचा वाडगा दिला. "तूच एक माझ्या लेकाचा खरा दोस्त," म्हणाली. आणि तो जेवला. वाडगा चाटूनपुसून जेवला.

मा जोंग-सूला फाशीची शिक्षा झाली. मग पुढं चर्चच्या फाटकाशी टेबल लागलं, फाशी बंद करा म्हणून सह्या घ्यायला. ताई येताना दिसली तसे सगळे इकडेतिकडे बघायला लागले. ती सरळ टेबलाशी गेली आणि सही करून आली. मी तोंड वासून बघत राहिले.

"जीव घेणं वाईट असतं, हे मला आणखी कुणी शिकवायला नको," ती म्हणाली. "पण सही म्हणजे माफी नव्हे. उगाच गावभर करू नकोस." माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिला ठाऊक होतं.

माफीचा विषय निघाला की ती ताडकन उठायची. आईनं मरताना तिचा हात धरून बजावलं होतं, "मी त्याला माफ केलेलं नाही. माझ्या मागं माझ्या वतीनं माफी देऊन टाकू नकोस. तुझ्या भावाच्या वतीनं तर नकोच." मा जोंग-सूची फाशी जाऊन जन्मठेप झाली, पुढं तो सुटला असंही कानावर आलं. कुठं गेला, कुणी विचारलं नाही.

तर त्या दिवशी चर्चच्या ऑफिसातल्या नव्या मुलीचा निरोप आला. आमच्यात निरोप नेहमी बाप्तिस्म्याच्या नावानं येतो. आईबापांनी ठेवलेलं नाव कित्येकदा शवपेटीवरच कळतं. 'तादेओ बंधू वारले. जलाशयाकाठची भाड्याची खोली. नात्यागोत्याचं कुणी नाही.' एवढंच.

गाडीत ताई तागाचं कापड मांडीवर घेऊन बसली होती. "तादेओ," ती म्हणाली. "आमच्या पोराचं नाव. आणि बिचाऱ्याला कुणी नाही. आज जरा नीट करू या हं, लुचिया."

खोलीत फादर एकटे बसले होते. सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेले, कोवळे, भले. ताईनं बाह्या वर केल्या, गुडघे टेकले, चादर बाजूला केली. "या तादेओभाऊ," म्हणाली, "तोंड पुसू या आधी." ओला कापूस गालावरून कानाशी गेला आणि तिथंच थांबला. डाव्या कानाची पाळी अर्धी नव्हती. कुत्र्यानं तोडलेली.

तो कान मीही कोर्टात पाहिला होता. आरोपीच्या पिंजऱ्यात.

"याला तादेओ कुणी केलं?" ताईनं विचारलं. आवाज अगदी साधा.

फादरांना काय माहीत. ते समजावून सांगायला लागले. "तुरुंगात बाप्तिस्मा घेतला त्यांनी. हे नाव हट्टानं मागून घेतलं. त्यांच्या हातून जो तरुण गेला ना, त्याचं. म्हणाले होते, कुणीही हाक मारली की ते मला आठवावं. म्हणून तर मरायला याच भागात आले."

"जीव घेतला, वर नावही घेतलं," मी म्हणाले. "मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी! फादर, तो तरुण म्हणजे हिचा भाऊ."

फादर पांढरेफटक पडले. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलले बिचारे, "ताई, त्यांनी फार पश्चात्ताप केला. देवानं त्यांना क्षमा केली असेल. आपणही..."

"देवाचं देव बघेल, फादर," ताई म्हणाली. "त्याचा लेक मेला, तो माफ करू शकतो. माझ्या आईचा लेक मेला, तिनं केलं नाही. मधल्यामधे मी कोण?"

मी तिचा दंड धरला. "ऊठ. मी करते याचं. नाहीतर राहू दे तसाच मेल्याला."

"पाणी बदल," ती म्हणाली. "गार झालंय."

तिनं त्याला पुसलं. कपाळ, मान, छातीच्या फासळ्या, पायांची बोटं. काही सोडलं नाही, काही घाई केली नाही. फक्त बोलली नाही. उजवा हात कोपरातून आखडला होता. एरवी ती दोन शब्द बोलली असती. त्या दिवशी नुसती चोळत राहिली, चोळत राहिली, तिच्या कपाळावर घाम आला, पण हात काही सुटेना. शेवटी फाबियानोदादांनी ती बाही उसवून घातली. दादांना एकही विनोद सुचला नाही.

मग आम्ही प्रार्थनेला बसलो. एका बाजूला ताई आणि मी, समोर फादर आणि दादा. ताईनं सूर लावला. ओळ नावापाशी आली आणि ती थांबली. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर चालला होता, तो जाईपर्यंत थांबली. माझ्या मनात आलं, आता ही उठून जाणार, आणि गेली तर मी तिला अडवणार नाही.

"हे प्रभो," ती गायली, "मा जोंग-सूवर दया कर."

फादरांनी मान वर केली. बाप्तिस्म्यात दिलेलं नाव असं कुणी काढून घेत नाही. पण दादांनी डोळे मिटून ओळ झेलली, "मा जोंग-सूवर दया कर." मग फादरही म्हणाले. मी सगळ्यात शेवटी म्हणाले. तेही मनापासून नव्हतं, खोटं कशाला सांगू. शेवटपर्यंत तेच नाव चाललं.

गाणं संपल्यावर फादर हळूच म्हणाले, "ताई, ते तादेओ म्हणूनच गेले."

"देवाला दोघं वेगळे ओळखू येतात, फादर. मला येईनासे झाले असते."

चेहरा झाकायचं काम शेवटी ताईचंच असतं. कापड हातात घेऊन ती त्याच्या अर्ध्या कानाशी वाकली आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. नेहमीसारखंच, अगदी हळू.

"जोंग-सू, तुझं नाव तुला परत दिलंय. आता तिकडं माझा भाऊ भेटेल. जे मागायचं ते त्याच्याकडेच माग. मी त्याच्या वतीनं काहीही सांगितलेलं नाही."

मग तिनं कापड ओढलं, आणि मला म्हणाली, पाणी फेकून दे.