खंडेनवमीला फूल न मिळालेला ट्रे

आपल्या कंबरेला किल्ल्यांचा जुडगा नसता, तर दवाखान्यातली निम्मी औषधं उंदरांनी आणि उरलेली पाहुण्यारावळ्यांनी पळवली असती, असं मथुराबाई स्वतःच सांगत. संगमेश्वरजवळच्या त्या छोट्या दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि कुलूप म्हणजे त्यांचा जीव की प्राण. फक्त एका ट्रेवर त्यांचं राज्य चालत नसे. त्यात काळ्या कागदात गुंडाळलेल्या अ‍ॅड्रेनॅलिनच्या काचेच्या कुप्या आणि उकळून ठेवलेली सिरिंज. एखाद्याला इंजेक्शन किंवा दंश बाधला, अंगावर गांधी उठून श्वास अडकला, तर हेच औषध तत्काळ लागतं. म्हणून डॉक्टर आगाशांनी तो ट्रे टेबलाशेजारी, बिनकुलपाचा ठेवायला लावला होता. उजेडानं औषध तपकिरी पडे. मथुराबाई अधूनमधून कुप्या तपासून खराब झालेल्या बदलत. कुरकुर करत, पण बदलत.

चौऱ्याऐंशी सालच्या खंडेनवमीला त्यांनी आतल्या खोलीत पूजा मांडली. जुना स्टेथोस्कोप, जास्तीच्या कात्र्या, चिमटे, सगळ्यांना हळदकुंकू नि झेंडूचं फूल. मग त्या ट्रे उचलायला आल्या, तर डॉक्टर आडवे आले.

"वर्षाचा सण! ह्यानंच काय पाप केलंन?"

"पूजेला लावलेली वस्तू दसरा होईतो तुम्ही हलवू द्याल का, मथुराबाई?"

ते खरंच होतं. गाल फुगवून त्यांनी पूजेच्या खोलीला कुलूप घातलं, घरी गेल्या आणि नवं लुगडं नेसल्या.

दुपारी त्यांचे यजमान आत्माराम तोरणासाठी आंब्याच्या पानांचे टाळे काढायला झाडावर चढले आणि गांधीलमाश्यांच्या पोळ्याला त्यांचा हात लागला. खाली उतरेपर्यंत चेहरा सुजला, आवाज बसला. शेजारच्या केरूनं त्यांना पाठुंगळीला मारून दवाखाना गाठला. मागून मथुराबाई अनवाणी.

आत्मारामांचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी नुसता हात लांबवला, कुपी फोडली आणि मांडीत सुई दिली. मथुराबाईंची नजर समोरच्या कुलपाकडे गेली, हात कंबरेकडे. जुडगा जुन्या लुगड्याबरोबर घरीच राहिला होता. त्यांच्या मनासारखं झालं असतं, तर ट्रे त्या कुलपाआड असता.

हळूहळू श्वास मोकळा झाला. आत्मारामांनी डोळे उघडून विचारलं, "केरू, टाळे उचललेस ना रे?"

मथुराबाई हसल्या, मग रडल्या, आणि डॉक्टरांच्या पायाशी वाकल्या. "माझं कुंकू राखलंत हो."

"ट्रे तुम्हीच भरलेला होता," डॉक्टर म्हणाले. "आज यांना घरी सोडणार नाही. नजरेसमोर राहू देत."

मथुराबाईंनी केरूकडून किल्ल्या मागवल्या. नव्या कुप्यांचं कपाट पूजेच्या मागं होतं. क्षणभर त्या थबकल्या, मग मांडलेली पूजा स्वतःच्या हातानं बाजूला सारली आणि फोडलेल्या कुपीच्या जागी नवी ठेवली.

पुढं दर खंडेनवमीला आत्माराम फूल घेऊन त्या ट्रेकडे निघत, आणि मथुराबाई ओरडत, "लांबूनच हात जोडा! तिथं काही ठेवायचं नाही."