अकरा डबल आणि एक डुलकी

"डॉक्टर, दाखल्यावर फार काही लिहू नका. एकच शब्द लिहा. फिट," कारखान्याचे एमडी, म्हणजे मॅनेजिंग डायरेक्टर, म्हणाले.

"आधी माणूस तरी तपासू दे की साहेब."

"तपासायचं काय त्यात? ड्यूटीवर झोपला. झोप लागते म्हणजे तब्येत चांगलीच असणार!"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शिरोळकडच्या एका साखर कारखान्यात मी मेडिकल ऑफिसर होते. कोल्हापुरातून रोज एसटीनं जायचे. जुलाब, भाजणं, बोट चेंगरणं, सगळं माझ्याकडे यायचं. झोप न होणं हाही आजाराचा विषय आहे, हे मात्र तिथं कुणाला पटत नव्हतं.

झोपला होता आण्णाप्पा. अठरा वर्षं काम केलेला जुना पॅनमन. पॅन म्हणजे उसाच्या रसाचा पाक उकळून त्यात साखरेचा दाणा धरायची भलीमोठी बंद कढई. पॅनमननं सारखा नमुना काढून, काचेवर घेऊन दाणा बघायचा आणि नेमक्या वेळी कढई खाली सोडायची. वेळ चुकली की आतला माल दगडासारखा बसतो. मग वाफ मारून सगळं परत वितळवा. त्या दिवशी सकाळी साडेदहाला तेच झालं. आण्णाप्पा पॅनसमोर उभा होता, हातात काच, डोळे उघडे. हाक मारली तर ओ नाही. सुपरवायझरनं खांदा हलवला तेव्हा म्हणाला, "बघतोय की!" तासाभरात सस्पेंड.

एमडींना 'फिट' कशाला हवं होतं? धडधाकट माणूस झोपला म्हणजे निष्काळजीपणा, म्हणजे थेट बडतर्फी.

दुपारी युनियनचे पुढारी आले. "बाई, अनफिट लिवा. गडी वाचतोय."

"आणि अनफिट माणसाला पॅनवर परत घेतील?"

"त्ये न्हाय घेणार."

"दुसरं हलकं काम देतील?"

"हलकं काम डायरेक्टरांच्या पावण्यांना हाय की."

म्हणजे फिट लिहिलं तरी नोकरी जाणार, अनफिट लिहिलं तरी जाणार. वैऱ्याचा आणि कैवाऱ्याचा सल्ला एकाच खड्ड्यात नेत होता. मला संताप आला.

दुसऱ्या दिवशी आण्णाप्पा बायकोला घेऊन आला. डोळे लाल, हाताला कंप. बीपी एकशे सत्तर.

"दारू?"

"माळकरी हाय, बाई."

"झोप किती होते?"

उत्तर बायकोनं, सुशीलानं, दिलं. "रातपाळी करून येत्यात आन् दिवसा आडवं झालं की गाव दारात हुबं. डेअरीवाला येतोय, सोसायटीवाला येतोय, पावणं येत्यात. न्हाय उठवलं तर म्हंत्यात, दिवसा झोपलाय म्हंजे प्याला असंल. मग मीच उठवती. लाज वाटती की ओ."

"आणि रात्रीची सुट्टी असली की?"

"तवा डोळ्याला डोळा लागत न्हाय," आण्णाप्पा म्हणाला. "काल काय खाल्लं त्ये आठवत न्हाय. पोराचं नाव हाका मारताना इसरतोय. परवा त्याच्या हातनं पेला सांडला, तर असा रट्टा घातला... आन् मग मीच रडत बसलो, बाई."

सांगतानाही त्याला रडू आलं. मी कागदात डोकं घातलं, कारण डॉक्टरनं रडायचं नसतं म्हणे.

मग टाइम ऑफिसात जाऊन मस्टर मागितलं. पाळी आठ तासांची. बदली माणूस आला नाही की त्याच माणसानं पुढचीही पाळी करायची, त्याला म्हणायचं 'डबल'. आण्णाप्पाचे एका महिन्यात अकरा डबल! त्या दिवशीसुद्धा तो आदल्या रात्री आठपासून उभा होता. पंधरावा तास चालू होता.

आणि कहर पुढेच. आठवड्यापूर्वीच, झेंडावंदनानंतर, सगळ्यात जास्त डबल केल्याबद्दल एमडींच्या हस्ते त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला होता. फोटो टाइम ऑफिसच्या भिंतीवर लटकत होता. खाली लिहिलं होतं, 'अहोरात्र सेवा'. मी तो खिळ्यावरून काढला आणि पिशवीत टाकला.

चौकशी गेस्ट हाउसवर, दुपारच्या जेवणानंतर. चौकशी अधिकारी एक निवृत्त वकील. जेवण फर्मास झालेलं.

"डॉक्टर, कामगार फिट आहे की अनफिट? एका शब्दात."

"साहेब, झोप फार तुंबली की मेंदू परवानगी न विचारता काही सेकंद बंद पडतो. डोळे उघडे राहतात, माणूस उभा राहतो, पण आत कुणी नसतं. याला मायक्रोस्लीप म्हणतात. साहेब? साहेब!"

वकीलसाहेब दचकले. "ऐकतोय, ऐकतोय."

"आण्णाप्पाही 'बघतोय' म्हणाला होता."

कारकून खाली बघून हसला. एमडी तापले. "डॉक्टर, झोपेचं कौतुक मला सांगू नका. मी स्वतः चार तास झोपतो!"

"ते तुमच्या तोंडाकडे बघून कळतंच, साहेब," असं ओठांवर आलं होतं. गिळलं. मस्टर आणि फोटो टेबलावर ठेवले.

"तो फिट असेल, तर पंधराव्या तासाला कुठल्याही फिट माणसाला येईल ती झोप त्याला आली. अनफिट असेल, तर अनफिट माणसाकडून तुम्ही महिन्यात अकरा डबल करून घेतले आणि वर शाल घातली. फॅक्टरी इन्स्पेक्टरनं विचारलं तर काय सांगायचं? दोन्हीपैकी कुठलं लिहू ते तुम्हीच ठरवा. सही मी करते."

वकीलसाहेब आता टक्क जागे होते.

तीन आठवड्यांनी आण्णाप्पा कामावर परत. कारखान्यानंही या प्रकरणातून धडा घेतला: सत्कार बंद केला. डबल चालूच राहिले.

हजर व्हायच्या दिवशी तो तपासायला आला. मी ओळखलंच नाही. डोळे स्वच्छ, हात स्थिर, बीपी एकशे तीस. औषध तर मी साधंच दिलं होतं.

"काय केलंस रे?"

"झोपलो, बाई. पैले चार दीस काळजीनं न्हाय लागली. मग लागली ती लागलीच. डबलला बोलवाय कोण येत न्हाय. आन् सस्पेंड झालेल्याच्या दारात कोण येतंय? डेअरीवाला न्हाय, पावणं न्हाय. पोरगं माझ्या कुशीत झोपाय लागलंय."

मी दाखल्यावर 'फिट' लिहिलं. तो दारापर्यंत गेला आणि वळला.

"बाई, पुढच्या हंगामात बी असं सस्पेंड व्हायचं असलं तर अर्ज कुणाकडं करायचा?"

माझ्या सगळ्या नोकरीत झोपेवरचा इतका गुणकारी इलाज मी दुसरा पाहिला नाही. आणि तो मी नाही, एमडींनी लिहून दिला होता. शिक्षा म्हणून.